पुसल्याशिवाय मिटू नये

श्यामराव हर्डीकर जिना चढू लागले की त्यांच्या गुडघ्यांचा आवाज तिसऱ्या मजल्यापर्यंत जातो, असं कलकत्त्यातल्या खिदिरपूरच्या त्या इमारतीत सगळेच सांगत. सांगणाऱ्यांनी त्याला थोडं तिखटमीठ लावलेलं असे, पण गुडघे वाजत हे खरं. फोर्ट विल्यम किल्ल्याकडून येणारी साडेपाचची ट्राम कोपऱ्यावर थांबली की पाचव्या मिनिटाला पहिल्या पायरीवर कट्, दुसरीवर कट्. वरच्या मजल्यावरचे मनोहरपंत सबनीस लगेच बायकोला हाक मारत, "चहा टाका हो, किल्ल्यातली तोफ झाली!"

मनोहरपंत बँकेतले, पुण्याहून बदलीवर आलेले. जिभेला हाड नसलेला शेजारी मिळायला भाग्य लागतं. श्यामरावांना ते न मागता मिळालं होतं.

गंमत बघा, ज्या माणसाचे स्वतःचे सांधे असे कुरकुरत, तो चोवीस वर्षं दुसऱ्यांचे सांधे मोकळे करून पोट भरत होता. श्यामराव किल्ल्यातल्या वर्कशॉपात फिटर. दुर्बिणी, होकायंत्रं, कात्र्या, जे जे उघडतं आणि मिटतं ते ते त्यांच्या बाकावर येई, आणि त्यातही शिपायांचे घडीचे चाकू सगळ्यात जास्त. ते पोत्यांनी येत. कुणी त्यानं डबे फोडलेले, कुणी दोर कापलेले. कुणी आणखी काय कापलंय ते श्यामराव विचारत नसत. सांध्यात काय अडकलंय ते बघितलं की माणूस कळतो, असं मात्र ते म्हणायचे. याच्या चाकूत तंबाखू, त्याच्या चाकूत आंब्याचा रस, तिसऱ्याच्या चाकूत नुसती वाळू. म्हणजे गडी कामचुकार, समुद्रावर बसून असतो.

त्यांची रीत ठरलेली. आधी पातं अर्धवट उघडून चाकू सोडा घातलेल्या गरम पाण्यात धरायचा, म्हणजे वाळलेला मळ सुटतो. मग आगकाडी तासून तिच्या टोकाला चिंधी गुंडाळायची आणि खिळीच्या दोन्ही अंगांना, जिथं पातं मुठीला घासतं तिथं, हलकेच फिरवायची. लोखंडी टोचा चालायचा नाही, चरा पडतो. मग कोरडं करायचं, अगदी खडखडीत. पुन्हा रॉकेलची चिंधी. आणि शेवटी सुईच्या टोकावर शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब खिळीवर सोडायचा, पातं दहा वेळा उघडायचं, दहा वेळा मिटायचं, बाहेर येईल तो काळा ओघळ पुसायचा. ओघळ पांढरा येईतो हेच. खोबरेल चालायचं नाही, थंडीत थिजतं. इथल्या स्वयंपाकघरांतलं मोहरीचं तेल तर मुळीच नाही, त्याचा आठवड्यात डिंक होतो.

"एकच थेंब," श्यामराव म्हणत. "दोन दिले की ते तेल नाही, लाच झाली."

यावर शेजारच्या बाकावरचे हालदारबाबू पोट धरून हसत. कारण बंगालीत 'तेल देणं' म्हणजे साहेबाला लोणी लावणं. "श्यामबाबू सगळ्या किल्ल्याला तेल देतात," हालदारबाबू सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणत, "फक्त साहेबाला सोडून! म्हणून तर बारा वर्षं एकाच स्टुलावर बसलेत." खोटं नव्हतं ते. मागून आलेले तिघं चार्जहँड, म्हणजे मुकादम, होऊन गेले, श्यामरावांचं स्टूल जागचं हललं नाही.

सत्तेचाळीस साली वर्कशॉपचा गोरा साहेब विलायतेला निघाला तेव्हा त्यानं कुणाला शिफारसपत्र दिलं, कुणाला बढतीची चिठ्ठी. श्यामरावांना दिला एक चाकू. काळ्या मुठीचा, रुंद पात्याचा, लष्करी. पात्याच्या बुडाशी बारीक इंग्रजी अक्षरं ठोकलेली होती: ऑइल द जॉइंट्स. सांध्यांना तेल द्या. हालदारबाबूंनी ते वाचलं आणि बाकावर थाप मारली, "बघा! जाता जाता साहेबसुद्धा लिहून देऊन गेला!"

श्यामराव तो चाकू घरी घेऊन आले आणि लेकीच्या हातात ठेवला. लीना तेव्हा नऊ वर्षांची होती. उशिरा झालेली, एकुलती एक. भवानीपूरच्या शाळेत बंगाली मुलींत शिकणारी, घरी मराठी बोलताना मधेच बंगाली हेल काढणारी. तिनं एकेक अक्षर लावून ते इंग्रजी वाचलं, अर्थ विचारून घेतला आणि त्या दिवसापासून बापाचा गुडघा वाजला की घरात आरोळी व्हायची, "बाबा, ऑइल द जॉइंट्स!" तिची आई, सुहासिनीबाई, आतून ओरडत, "अगं, वडील आहेत ते तुझे!" आणि श्यामराव गुडघा मुद्दाम पुन्हा वाजवत.

चाकू बापाचा, पण चालायचा लेकीच्या हातात. वर्कशॉपात दुरुस्त झालेल्या प्रत्येक वस्तूला चिठ्ठी बांधत, ती कॉपिंग पेन्सिलीनं लिहीत. ही पेन्सिल दिसायला साधी, पण पाणी लागलं की जांभळी होते आणि मग हाताला लागलेला डाग चार दिवस हलत नाही. तिची उरलेली थोटकं श्यामराव खिशात घालून घरी आणत. लीना ती चाकूनं तासायची, जिभेवर ओली करायची आणि जांभळ्या अक्षरांत घरभर चिठ्ठ्या ठेवायची. साखरेच्या डब्यात 'साखर', आईच्या चपलेत 'चप्पल'. ओठ जांभळे, जीभ जांभळी. सुहासिनीबाई कपाळाला हात लावत. "सासरी गेल्यावर लोक म्हणतील, मुलगी वाणाची जांभळी आहे."

चाकू वापरायची परवानगी श्यामरावांनी एकाच अटीवर दिली होती. पुसल्याशिवाय मिटू नये. पेन्सिलीची भुकटी सांध्यात गेली की दमट हवेत ओली होते, धरून बसते, लोखंड खाते. लीनाला हे पाठ होतं. बहुतेक वेळा ती पुसायची. बहुतेक वेळाच.

एकोणपन्नास साली सरस्वतीपूजेच्या आदल्या संध्याकाळी ती गॅलरीत बसून पेन्सिली तासत होती. बंगाल्यांत त्या दिवशी मुलं वह्या-पेन्सिली देवीपुढं ठेवतात, अभ्यासाला सुट्टी. आपली पेन्सिल सगळ्यांत टोकदार असावी अशी तिची ईर्षा. सुहासिनीबाई मोरीवर होत्या. श्यामराव ट्राममधून उतरून नुकते वर आलेले, थकलेले. त्यांनी पाहिलं, पोरीनं भुकटी तशीच ठेवून चाकू मिटला.

"लीने, पुसलास?"

"उद्या पुसते, बाबा."

"उद्या नाही, आत्ता. किती वेळा सांगायचं? तुला दिलाय तर नीट वापर, नाहीतर परत दे."

लीनानं चाकू त्यांच्या हातावर ठेवला आणि आत गेली. रुसली होती. श्यामरावांनी तो खुंटीवरच्या कोटाच्या खिशात टाकला. सकाळी तिचं अंग तापलं. टायफॉइड निघाला. पुढचे एकवीस दिवस बाप उशाशी बसून होता, पण रुसवा काढायला ती शुद्धीत फारशी आलीच नाही. एकविसाव्या दिवशी दुपारी ती गेली.

सुहासिनीबाईंनी महिनाभर अंथरूण धरलं आणि मग एके दिवशी उठून घर धुवून काढलं. फ्रॉक वाटले, पुस्तकं लीनाच्या मैत्रिणीच्या धाकट्या बहिणीला दिली, उशीच्या अभ्र्यावरचे जांभळे ओठ सोड्यानं घासघासून घालवले. साखरेच्या डब्यातली चिठ्ठीही गेली. "डोळ्यांसमोर राहिलं तर मी जगायची नाही हो," एवढंच त्या नवऱ्याला म्हणाल्या. श्यामरावांनी मान हलवली. घरातून लीना अशी एकेका वस्तूनं बाहेर गेली आणि श्यामरावांनी जाऊ दिली. एक चाकू मात्र त्यांनी खिशातून काढला नाही. त्याच्या सांध्यात तिची त्या संध्याकाळची भुकटी होती. 'उद्या पुसते' म्हणाली होती. तिच्या हातची, तिनं अर्धी टाकलेली एवढीच गोष्ट जगात उरली होती, आणि ती जोवर तशी आहे तोवर श्यामरावांच्या लेखी तो उद्या अजून यायचा होता. हे त्यांनी बायकोलाही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिनं तेही धुतलं असतं.

दोन पावसाळे गेले, तिसरा गेला. कलकत्त्याची हवा ती. सांधा गंजला, भुकटी चिकटली, पातं हलेनासं झालं. रोज चाकू खिशात, रोज किल्ल्यात जाणं, दिवसभर दुसऱ्यांचे वीस-वीस चाकू साफ करणं आणि संध्याकाळी हा तसाच घेऊन परत येणं. एकदा कोटातून पडला तेव्हा हालदारबाबूंनी उचलून उघडायचा प्रयत्न केला.

"अरे राम! श्यामबाबू, हा तुमचा? द्या इकडं, दोन मिनिटांचं काम."

"उद्या," श्यामराव म्हणाले आणि हात पुढं केला.

बावन्न साली नवरात्राच्या आधीच्या रविवारी मनोहरपंतांकडे पुण्याहून पार्सल आलं. कापडात शिवलेलं, वर लाखेची सीलं, आत लसणाची चटणी असणार हे वासावरूनच इमारतीला कळलेलं. सुरी कुठं सापडेना, तेव्हा मनोहरपंत पार्सल काखेत मारून थेट श्यामरावांच्या दारात. श्यामराव स्नानाला गेले होते. मनोहरपंतांनी कोटाच्या खिशातून डोकावणारा चाकू बघितला आणि विचारणं बिचारणं न करता काढला. नख घातलं, ओढलं, नखच तुटलं.

"वहिनी! वहिनी, इकडं या, ही गंमत बघा!" त्यांनी चाकू उंच धरला. जिन्यावर आणखी दोघं-चौघं जमलेली होतीच. "किल्ल्याच्या फिटरच्या घरचा चाकू, आणि उघडेना! शिंप्याचा सदरा फाटका ऐकलं होतं, हे नवीनच. वर पात्यावर इंग्रजीत लिहिलंय म्हणे, सांध्यांना तेल द्या, आणि मालकाचं तेल सगळं गुडघ्यांत जिरलंय की काय?"

सगळे हसले. सुहासिनीबाईही हसल्या, हसावंच लागतं. पण कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तेवढ्यात श्यामराव पंचा गुंडाळून बाहेर आले. मनोहरपंतांच्या हातात काय आहे ते त्यांनी पाहिलं, घेतलं आणि आत गेले. जिन्यावरचं हसू जागच्या जागी विरलं. "चिडले वाटतं," मनोहरपंत पुटपुटले. चेष्टेनं माणूस चिडला तर दुसऱ्या दिवशी चहा पाजला की मिटतं, असा त्यांचा अनुभव होता.

सुहासिनीबाईंच्या मनातून मात्र ते गेलं नाही. मागची दोन वर्षं खंडेनवमीच्या पूजेत विळी होती, कात्री होती, अडकित्ता होता, श्यामरावांच्या पक्कडी-पेचकस होते, चाकू नव्हता. लीना गेली त्या वर्षी तर सणच नव्हता. पुढची दोन वर्षं त्यांनी विचारलं नाही. त्यांना वाटे, लेकीच्या हातातला म्हणून ह्यांना त्याला हात लावायचं धैर्य होत नाही. आपण सगळं घर धुतलं, ह्यांच्यासाठी एवढं एक करायचं राहिलंय. ह्यांच्यानं होत नाही ना, मग आपण करू.

नवमीच्या सकाळी श्यामराव झेंडू आणि पानं आणायला बाहेर पडले. आपट्याचं झाड कलकत्त्यात कुठून असणार. मैदानाच्या कडेला कांचनाची झाडं आहेत, पान तसंच दोन पाळ्यांचं, तेच इथले मराठी लोक सोनं म्हणून वाटतात. सणाचा दिवस म्हणून त्यांनी धुतलेला पांढरा कोट घातला. रोजचा खुंटीवर राहिला.

ट्रामही त्या दिवशी पूजेच्या गर्दीनं मुंगीच्या पावलानं चाललेली. परत यायला तीन तास लागले. जिना चढताना पूजेचे ढाक, ते मोठे बंगाली ढोल, वाजत होते, त्यात गुडघे कुणाला ऐकू आले नाहीत.

पाटावर तांबड्या कापडावर सगळी हत्यारं मांडलेली. विळी, कात्री, अडकित्ता, पक्कड. मधोमध काळ्या मुठीचा चाकू, उघडा, पातं आरशासारखं, त्याला हळदकुंकू.

श्यामराव दारातच उभे राहिले. हातातली फुलांची पिशवी त्यांना खाली ठेवावी हे सुचलं नाही.

"या ना आत," सुहासिनीबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. चेहरा शेगडीनं लाल झालेला. "मिटून उघडून बघा. तुमच्यासारखंच केलंय मी. सोड्याचं पाणी, काडीला चिंधी, रॉकेल. मोहरीचं तेल लावलं नाही हो, यंत्राचंच लावलं, एकच थेंब. सोळा वेळा पुसलं. शेवटी अगदी पांढरं आलं बघा."

श्यामरावांनी पिशवी ठेवली, खाली बसले, चाकू घेतला. अंगठा लावायचा अवकाश, पातं मिटलं. पुन्हा उघडलं. आवाज नाही, अडकणं नाही. त्यांनी खिळीच्या फटीत डोळा घालून पाहिलं. चोवीस वर्षांत असं काम वर्कशॉपात कुणाचं पाहिलं नव्हतं. तिचं काही चुकलं नव्हतं. चुकलं असतं तर फटीत कुठं काही उरलं तरी असतं.

"चिंधी कुठाय?" ते म्हणाले.

"कुठली?"

"पुसलं ती."

"शेगडी पेटवायला घातली. रॉकेलची चिंधी ठेवतं का कुणी? पाणी मोरीत ओतलं." सुहासिनीबाई थांबल्या. "का हो?"

"काही नाही. छान झालंय."

पूजा झाली. त्यांनी फूल वाहिलं, अक्षता वाहिल्या. नैवेद्याला पुरणपोळी होती, तीन वर्षांत पहिल्यांदा. पान वाढायला सुहासिनीबाई वाकल्या तेव्हा श्यामरावांना त्यांचा उजवा हात दिसला. अंगठा आणि पहिली दोन बोटं, नखांपर्यंत जांभळी.

"हाताला काय झालं?"

सुहासिनीबाईंनी हात पदराखाली घेतला. "मायाळूची फळं चिरली मघाशी. त्यांचा रंग."

श्यामरावांनी पानाकडं पाहिलं. बटाट्याची भाजी, काकडीची कोशिंबीर, कटाची आमटी, पुरणपोळी. मायाळू कुठं नव्हती. मग त्यांना कळलं. पाणी जांभळं झालं तेव्हा हिनं लीनाची पेन्सिल ओळखली. तोवर निम्मं पाणी मोरीतून गेलं होतं, सुटलेलं परत सांध्यात घालता येत नव्हतं, म्हणून तिनं उरलेलंही काढलं, तेल दिलं, हळदकुंकू लावलं, आणि नवऱ्याला कळायला नको म्हणून तोंडानंच मायाळू चिरली. आणि पदराखाली तो हात तिनं मुठीत मिटला होता, कुणी काढून घेईल असा.

ज्या शेगडीवर पोळी भाजली होती ती त्या चिंधीनं पेटलेली होती. श्यामरावांनी पोळी खाल्ली. सगळी खाल्ली.

"आणखी वाढ."

"आणखी?" सुहासिनीबाईंनी चुकून डावा हात डब्याकडं नेला, मग सणाचं डाव्यानं कसं वाढायचं म्हणून उजवा पुढं केला. श्यामराव त्या बोटांकडं बघत राहिले. त्यांनी नजर चोरली नाही, तिनंही हात लवकर मागं घेतला नाही.

दसऱ्याच्या दिवशी इमारतीत बातमी फुटली: हर्डीकरवहिनींनी भांडी घासायला मोलकरीण लावली! ज्या बाईनं बाळंतपणाच्या दहाव्या दिवशी स्वतःची भांडी स्वतः घासली, तिनं! कपडेसुद्धा तीच धुते म्हणे. कुणी म्हणालं बढती मिळाली असेल, कुणी म्हणालं गावची जमीन विकली. सोनं द्यायला आलेल्या मनोहरपंतांनी कांचनाचं पान श्यामरावांच्या हातावर ठेवलं आणि जिन्याकडं तोंड करून म्हणाले, "आता वहिनींना हाक मारायची तर आधी चिठ्ठी पाठवावी लागणार! मोलकरीण काय, थाट काय! श्यामराव, शेवटी साहेबाला तेल दिलंत ना?"

"नाही हो," श्यामराव म्हणाले. "तिचा हात दुखतोय. पाण्यात घालू नको म्हटलंय मी."

हे ऐकून दारामागं उभ्या सुहासिनीबाई आत वळल्या. त्या रात्री जेवून आचवायच्या वेळी श्यामरावांनी तांब्या उचलला आणि तिच्या फक्त डाव्या हातावर धार धरली.

डाग चार दिवस टिकला. पाचव्या दिवशी बोटांच्या पेरांवर फिकट उरला, नखांच्या कडेला थोडा गडद. कोजागरीला मनोहरपंतांच्या गच्चीवर दूध आटलं. सगळे जमले होते. सुहासिनीबाईंनी पेला श्यामरावांच्या हातात दिला. चांदणं लख्ख होतं. श्यामरावांनी पेला घेताना तिचा हात क्षणभर धरला, उलटा केला, सुलटा केला.

"अहो, लोक बघतायत," ती हळूच म्हणाली.

बोटं स्वच्छ होती.

"अरे वा, म्हातारपणी हात धरताय!" मनोहरपंत ओरडले. गच्ची हसली. श्यामरावांनी हात सोडला, दूध प्याले आणि पेला खाली ठेवून खिशातून चाकू काढला. पातं एका अंगठ्यानं उघडलं. त्यावर काही नव्हतं. तरी त्यांनी ते धोतराच्या सोग्यानं नीट पुसलं, दोन्ही अंगांनी, आणि मग मिटलं.

सकाळी मोलकरीण आली तेव्हा सुहासिनीबाई मोरीवर बसून भांडी घासत होत्या. तिला दारातूनच म्हणाल्या, "उद्यापासून येऊ नको गं."